श्रावणात दारू एकदम बंद करणार असाल तर : पहिले पाच दिवस, गोळ्या, सलाईन आणि केंद्राची निवड

आषाढसर (धागाकर्ता)

गटारी झाली की दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रात कितीतरी जण महिनाभर दारू बंद करतात. कोणी श्रावण पाळतो म्हणून, कोणी बायकोला शब्द दिला म्हणून, कोणी माळ घातली म्हणून. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर बसणाऱ्याने खुशाल बंद करावी. ज्याला रोज लागते आणि सकाळी उतारा घेतल्याशिवाय ज्याच्या हातात चहाचा कप थांबत नाही, त्याने तसं एका रात्रीत करू नये. त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. अशा माणसाला दारू सोडायची असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सुटते, आणि चांगली सुटते.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. दोनच अटी : स्वतःची कहाणी नको, आणि औषधाचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत, दुकानातून परस्पर आणण्यासाठी नाहीत.

सुरुवात हिशेबाने करतो, कारण डॉक्टरने "किती घेता?" विचारलं की "थोडी" हे उत्तर येतं. बाटलीवरचे मिली गुणिले टक्के गुणिले ०.७८९, भागिले १००, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा ३० मिलीचा पेग सुमारे १० ग्रॅम. १८० ची क्वार्टर सुमारे ६१. ७५० चा खंबा अडीचशेच्या वर. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम. म्हणजे "मी फक्त बिअरच घेतो" म्हणणाऱ्याच्या तीन बाटल्या दोन क्वार्टरइतक्या झाल्या. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला १५ युनिट, म्हणजे १२० ग्रॅम, ओलांडणाऱ्याने देखरेखीखालीच सोडावी असं आहे. आपल्या भाषेत रोजच्या दोन क्वार्टर.

रात्रपाळी

वॉर्डातलं घड्याळ लिहिते. शेवटचा घोट घेतला तिथपासून तास मोजायचे.

सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप नाही. बारा ते चोवीस तासांत काहींना नसलेले आवाज येतात किंवा आकृत्या दिसतात, पण आपण कुठे आहोत हे कळत असतं. फिट बहुतेक वेळा सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान येते, आधी काही सूचना न देता. आणि अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, ज्याला सगळे डीटी म्हणतात.

घरचे फसतात ते इथेच. पहिला दिवस कसाबसा निघतो, दुसऱ्या दिवशी थोडं जेवण जातं, "सुटली बरं का" असं सगळ्यांना फोन करून कळवलं जातं, आणि तिसऱ्या रात्री माणूस पांघरुणावरच्या मुंग्या झटकू लागतो. हवेतला दोरा ओढतो. ड्रायव्हर असेल तर कॉटवर बसून स्टिअरिंग फिरवतो, गवंडी असेल तर भिंतीला थापी मारतो. ताप, घाम, नाडी १२० च्या पुढे. वार कोणता, आपण कुठे, काही सांगता येत नाही. गावाकडे याला "बाहेरचं झालं" म्हणतात आणि देवऋषाकडे नेण्यात बारा तास जातात. दवाखान्यात वेळेवर आणला तर डीटीत मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत राहतं. न आणल्यास कितीतरी वाढतं.

आणखी एक. हाड मोडून किंवा अपेंडिक्ससाठी दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी अचानक बडबडू लागतो, सलाईन उपटतो. भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं तेव्हा नातेवाइकांनी "कधीतरी घेतात" असं सांगितलेलं असतं. कृपा करून खरा आकडा सांगा. तिथे कोणी तुमची इभ्रत मोजायला बसलेलं नसतं.

जुनी फाईल

वरच्या प्रतिसादाला जोडून फिट आली तर काय करायचं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, श्वासाला मात्र अडथळा होतो. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. एकच येऊन थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालय, कारण दारू थांबल्याने येणाऱ्या फिटनंतर डीटीचा धोका वाढतो. शिवाय पडताना डोक्याला मार लागला का, साखर उतरली का, हेही पाहावं लागतं.

साधाडॉक्टर

आता सलाईनबद्दल, कारण यावर कोणी बोलत नाही.

दारुड्या माणसाला अशक्तपणा आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात "ग्लुकोज लावा" असा आग्रह होतो. बऱ्याच दिवसांपासून जेवणाऐवजी दारूच पोटात गेलेली असते, त्यामुळे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तळाला गेलेलं असतं. आतड्यातून ते नीट शोषलंही जात नाही. ग्लुकोजचा वापर करायला पेशींना थायमिन लागतं. अशा शरीरात नुसतं ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि वर्निके एन्सेफॅलोपथी (थायमिनअभावी होणारा मेंदूचा आजार) सुरू होऊ शकते : गोंधळ, चालताना तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही, बहुतेकांत एखाद-दुसरंच दिसतं. "अजून उतरली नाही" म्हणून ते सोडून दिलं तर पुढे कॉर्साकॉफ, म्हणजे स्मृतीचा आजार : नवीन काही लक्षात राहत नाही आणि माणूस मधल्या जागा कल्पनेने भरून सांगतो. तिथून परत येणं अवघड असतं.

म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर थायमिनचं इंजेक्शन. प्रतिबंधासाठी १०० मिग्रॅ तरी, आणि वर्निकेचा संशय असेल तर ५०० मिग्रॅ शिरेतून दिवसातून तीनदा, काही दिवस. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने हे भागत नाही. साखर खरोखरच उतरलेली असेल तर ग्लुकोज थांबवून ठेवायचं नाही, दोन्ही सोबत द्यायचं. नातेवाइकांनी एवढंच विचारावं : "डॉक्टर, थायमिन दिलंय ना?" चांगला डॉक्टर रागावत नाही.

कोकणकडा

सगळं मान्य, पण थोडं विरुद्ध लिहितो. शेकडो लोक दर श्रावणात बंद करतात आणि त्यांना काहीच होत नाही. अशा धाग्यांनी माणूस घाबरतो आणि "डॉक्टर म्हणतात एकदम सोडू नका" म्हणत पीत राहतो. मनाचा निग्रह हीच मोठी गोष्ट नाही का?

साधाडॉक्टर

@कोकणकडा, बहाणा म्हणून वापरणारे वापरतातच, ते खरं. आणि बहुतेकांना काही होत नाही हेही खरं. पण कोणाला होणार याचा अंदाज बांधता येतो : आधी कधी सोडताना फिट किंवा भ्रम झालेला, रोजचं प्रमाण मोठं, सकाळचा उतारा, झोपेच्या गोळ्यांची सोबतीला सवय, साठीच्या पुढचं वय, लिव्हर किंवा हृदयाचा आजार. यांतलं काहीही असेल तर दाखल होऊन सोडावी. दर वर्षी श्रावणात सोडायची आणि गणपतीत पुन्हा धरायची असं चक्र चालू असेल तर प्रत्येक खेपेला लक्षणं वाढत जातात. "मागच्या वर्षी काही झालं नाही" याचा म्हणून भरवसा धरू नये.

निग्रह हवाच. पण मेंदूने इतकी वर्षं दारूच्या दाबाशी जुळवून घेत स्वतःला चेतवून ठेवलेलं असतं. तो दाब अचानक गेला की चेतवणी एकटीच उरते. फिट त्यामुळे येते आणि ती निग्रहाचं ऐकत नाही. डॉक्टरची वेळ दोन दिवसांनी मिळणार असेल तर तोवर पूर्ण बंद न करता हळूहळू कमी करत राहा, पाणी आणि जेवण चालू ठेवा, गाडी चालवू नका, घरात एकटे राहू नका. घरच्यांनी रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतू नयेत, परिणाम तोच होतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा देशभरात हेच घडलं. केरळ सरकारने तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता, तिथल्या उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. डॉक्टरांनीही विरोधच केला होता, कारण यावर औषध आहे.

गोळीखोका

औषधांबद्दल लिहितो, दोन टप्पे वेगळे ठेवा.

पहिला टप्पा पाच ते सात दिवसांचा, त्रास उतरवण्याचा. यात बेंझोडायझेपिन गटातली औषधं असतात : क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, शरीरात जास्त काळ टिकतात म्हणून. लिव्हर बिघडलेलं असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम. मात्रा रोज उतरवत नेऊन बंद करतात. चांगल्या ठिकाणी सिवा नावाच्या तक्त्यावर गुण मांडतात : थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास, डोकेदुखी, भान अशा दहा बाबी, एकूण ६७ गुण. आठच्या आत सौम्य, पंधराच्या वर गंभीर. या गोळ्या दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि महिनोन् महिने घेतल्या तर एक व्यसन जाऊन दुसरं लागतं. मित्राच्या पाकिटातली अल्प्राझोलाम (याच गटातली गोळी) हा दारू सोडण्याचा उपाय नव्हे.

दुसरा टप्पा महिन्यांचा, न पिण्यासाठी.

नाल्ट्रेक्सोन, ५० मिग्रॅ रोज. घोटातली मजा आणि ओढ कमी करतं. ट्रॅमाडॉल (अफूवर्गीय वेदनाशामक) किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर ते आधी सात ते दहा दिवस बंद हवं, नाहीतर भयंकर त्रास होतो. तीव्र हिपॅटायटिसमध्ये देत नाहीत.

अकॅम्प्रोसेट, ३३३ मिग्रॅच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा. दिवसाला सहा गोळ्या, म्हणून लोक मध्येच सोडतात. लिव्हरवर भार नाही, पण किडनी तपासून द्यावं लागतं. सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असेल तर बॅक्लोफेन या औषधाचा विचार होतो.

डायसल्फिरॅम, साधारण २५० मिग्रॅ. याने ओढ कमी होत नाही. दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं, त्याचं पुढे विघटन करणारा एन्झाइम हे अडवतं. वरून प्यायलं की चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. शेवटची दारू घेऊन निदान चोवीस तास झाल्यावरच सुरू करतात, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे परिणाम राहू शकतो. हृदयविकार, मनोविकृती, गंभीर लिव्हर आजार असेल तर नको. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल याच्यासोबत घेतलं तर भ्रम होऊ शकतो, हे तर दुकानदारालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

माजघर

"नकळत द्या, महिन्यात दारू सुटेल" अशी पावडर एसटी स्टँडवर, पत्रकांवर आणि आता मोबाइलवर मिळते. आमटीत मिसळून द्यायची. तिच्यात डायसल्फिरॅम नाही याची खात्री कोण देणार? माणूस नकळत ते खातो, संध्याकाळी बारमध्ये बसतो, रक्तदाब कोसळतो, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला कारणच सापडत नाही. आधीच हृदय कमजोर असेल तर तिथेच संपतं. सुटण्याचं म्हणाल तर, कळल्यावर तो घरचं जेवायचंच बंद करतो.

गोळीखोका

शंभर टक्के सहमत. त्याने स्वतः सही करून, बायकोच्या किंवा आईच्या समोर रोज सकाळी घेतली तर हीच गोळी उत्तम काम करते. चोरून दिली तर ते विषच.

माजघर

घरच्यांसाठी थोडं, कारण पिणारा तयार नसताना घरचे मात्र तयार असतात.

प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका. सकाळी, भानावर असताना, एकाच घटनेवर बोला : "काल शाळेच्या फीचे पैसे गेले." बारा वर्षांचा पाढा नको. ऑफिसात "ताप आहे" असा फोन करणं बंद करा, उधारी फेडणं बंद करा. न पिता घरी आला तर त्या संध्याकाळी त्याच्या आवडीचं काहीतरी करा, ती वेळ त्याला बरी वाटली पाहिजे. आणि तो "चल, दाखव डॉक्टरला" म्हणेल त्या दिवसासाठी ओपीडीची वेळ, पत्ता, पैसे आधीच काढून ठेवा. अशी तयारी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

मारहाण होत असेल तर वरचं सगळं नंतर. ११२, महिलांसाठी १८१, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. दारू हे मारहाणीचं कारण म्हणून कायद्यात चालत नाही.

अल-अनॉन या गटांच्या सभा खास कुटुंबीयांसाठी असतात, पिणारा उपचार घेत नसला तरी जाता येतं.

कलम-दोरी

केंद्र निवडताना कायद्याची बाजू.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. म्हणून अशा रुग्णांना दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्राची मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माणूस स्वतः तयार असेल तर कलम ८६ खाली स्वेच्छेने दाखल होतो. तयार नसेल तर कलम ८९ : नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्याचा) अर्ज, एका मनोविकारतज्ज्ञाची आणि दुसऱ्या एका व्यावसायिकाची स्वतंत्र तपासणी, स्वतःला किंवा इतरांना धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. साखळीने बांधायला कलम ९५ ची बंदी आहे.

आता "आमची गाडी येईल, चार मुलं येतील, उचलून नेऊ, सहा महिने भेटायचं नाही" असं फोनवर सांगणारी केंद्रं. यातलं एकही वाक्य या कायद्यात बसत नाही. तिथे पहिल्या तीन दिवसांत बंद खोलीत टाकतात, औषध नाही, आणि रात्रपाळींनी वर लिहिलेलं सगळं त्या खोलीत घडतं.

विचारा : मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स असते का? फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? नोंदणी क्रमांक काय? भेट कधी? फी लेखी द्याल का? घरी सोडल्यावर पाठपुरावा किती महिने? उत्तरं तोंडी आणि गोलमोल आली तर पुढचं केंद्र बघा.

विमा : मानसिक आजार पॉलिसीत असले तरी व्यसनावरचा उपचार पुष्कळ पॉलिसींत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतो. ती यादी आधी वाचा.

रात्रपाळी

जागा मी लिहिते. सरकारी बाजूने जिल्हा रुग्णालयातली मनोविकार ओपीडी, वैद्यकीय महाविद्यालयं, आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून, निवासी कार्यक्रम पस्तीस दिवसांचा. मुंबईत वसईच्या बाजूपर्यंत पसरलेलं कृपा फाउंडेशनचं काम. गडचिरोलीत दारूबंदी असूनही गरज संपत नाही म्हणून सर्च या संस्थेच्या पुढाकाराने मुक्तिपथ हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभांना फी नाही, मराठीतही होतात. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेलि-मानस १४४१६.

प्रमाण अजून हाताबाहेर गेलेलं नसेल तर दाखल होण्याची गरजही नसते. गोव्यात संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार बैठकींचा कार्यक्रम करून पाहिला. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांत त्याचा उपयोग झाला, हे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत मात्र दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं दिसलं. केंद्रं कमी आहेतच, पण जाणारेही कमी आहेत.

जुनी फाईल

रिपोर्टबद्दल दोन ओळी. "एसजीपीटी (रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल आहे, लिव्हर ठणठणीत" हे चूक. सिरोसिसमध्येही ते नॉर्मल असू शकतं. दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये एसजीओटी हे दुसरं एन्झाइम पुष्कळदा एसजीपीटीच्या दुपटीच्या वर जातं, जीजीटी (आणखी एक एन्झाइम) आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) वाढतात, प्लेटलेट घसरतात. फॅटी लिव्हर असेल तर काही आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर सुधारतं. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दिवसा झोप नि रात्री जागरण यांपैकी काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका. आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल लागलंच तर डॉक्टरला विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

आषाढसर

महिना संपल्यावर काय? श्रावण सरला की गणपती येतात.

माजघर

तिथेच बहुतेक जण घसरतात. पहिल्या महिन्यात झोप तुटक, चिडचिड, गोड खावंसं वाटणं, सगळं अपेक्षित असतं. ओढ येते ती साधारण अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ काढायचा : जेवून घ्या, फोन करा, चालायला जा. भूक, राग, एकटेपण, थकवा या चारांत ती जास्त येते. पगाराच्या दिवशी कार्ड घरच्यांकडे, बारवरून जाणारा रस्ता बदला, विसर्जनाच्या रात्री मंडळाच्या मागच्या टेम्पोत बसू नका. "चकण्यापुरता बसतो" म्हणणारा फार दिवस चकण्यावर थांबत नाही.

एकदा प्यायला गेलाच तर त्याच आठवड्यात समुपदेशकाला सांगा, लपवू नका. आणि पूर्वीचं प्रमाण पुन्हा गाठायला जाऊ नका, मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. गोळ्या तिसऱ्या महिन्यात "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका, निदान सहा महिने तरी, डॉक्टर सांगतील तोवर.

कोकणकडा

माझा मुद्दा मागे घेत नाही, पण सकाळच्या उताऱ्यावरून ओळखायचं हे पटलं. एक विचारतो. डायसल्फिरॅम चालू असताना द्राक्षासव, कुमारी आसव चालतं का? आयुर्वेदिक म्हणून घरोघरी देतात.

गोळीखोका

नाही. आसव-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यांत अल्कोहोल तयार होतंच, लेबलवर स्वयंनिर्मित म्हणून टक्के छापलेले असतात. होमिओपॅथीचे मूळ अर्क, काही कफ सिरप आणि टॉनिक, स्पिरिटवालं माउथवॉश, दाढीनंतरचं लोशन, केकवर शिंपडलेली रम, सगळं त्याच यादीत. सॅनिटायझर हाताला लावून वाळू द्या, बंद खोलीत वाफ हुंगू नका. आणि खिशात एक चिठ्ठी ठेवा : "डायसल्फिरॅम चालू आहे", सोबत मात्रा आणि सुरू केल्याची तारीख. अपघातात बेशुद्ध सापडलात तर डॉक्टरला ती लागेल.